बिबट्या नक्की कोणी हाकलला

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाभाऊंनी माइक दुरुस्त करून आणलाय. म्हणजे आता वाडीत काहीतरी कार्यक्रम होणारच.

सकाळी नळावर येऊन त्यांनी जाहीर केलं — गेल्या पावसाळ्यात गेलेल्या तिघांची एकत्र स्मृतिसभा घ्यायची. सोळा तारखेला, रविवारी, शाळेच्या पटांगणात. तिघं म्हणजे आमच्या सासूबाई सारजाबाई, वरच्या आळीचे मेंढरंवाले कुशाबा आणि ओढ्यापलीकडचे भागुजीबाबा. श्रावण, भादवा, अश्विन — महिन्याला एक असे गेले. तेव्हा पाऊस असा झोडपत होता की नदीवर धड कोणी पोचलं नाही. भाषणं तर कोणाचीच झाली नाहीत. दादाभाऊ ग्रामपंचायतीचे माजी सदस्य. भाषणाशिवाय माणूस गेला हे त्यांना अजून पटलेलं नाही.

"घरटी एकानं बोलायचं," म्हणाले. "जीवनपट मांडायचा."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी बादली उचलली आणि चालू लागले. अठरा वर्षं सून होते. जीवनपट मला विचारू नका.

शेवटी आमच्या घरातून हेच बोलणार असं ठरलं. सासूबाईंचे एकुलते एक भैरवनाथ. सासूबाई गेल्यापासून हे घरातसुद्धा फारसं बोलत नाहीत. जेवतात, मळ्यात जातात, येतात. तिसऱ्याला, दहाव्याला — डोळ्यातून टिपूस नाही. आणि आता माइकवर बोलणार.

५ फेब्रुवारी

आमच्या प्रांजलनं बापासाठी मोबाइलकडून भाषण लिहून घेतलं. मोबाइल म्हणतो — "सारजाबाई म्हणजे मायेचा अथांग सागर. त्यांच्या मुखातून कधी कोणाला वाकडा शब्द गेला नाही."

वाचता वाचता ह्यांना उचकी लागली. हसू आवरायला मला भिंत धरावी लागली.

सासूबाईंनी कोंबड्यांना न आवडणाऱ्या नातेवाइकांची नावं ठेवली होती. "यमी आज खुडूक बसलीय, नुसती गिळती अन् बसती," असं अंगणातून ओरडायच्या, आणि तेव्हा खऱ्या यमुनाआत्या ओसरीवर चहा पीत असायच्या. फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायच्या की घोडेगावच्या माणसाला फोन घ्यायची गरज नव्हती. आणि माझी भाकरी! अठरा वर्षं ती त्यांच्या मते एका बाजूनं करपलेलीच होती. ती बाजू ताटात टाकून त्या कधी उठल्या नाहीत, तेवढं खरं.

मोबाइलचं भाषण रद्द केलं. हे म्हणाले, "मी आपलं बिबट्याचं सांगतो."

ते बरं. बिबट्याची गोष्ट आमच्या लग्नाच्या आधीची. सगळी वाडी घोडेगावला एका लग्नाला गेली होती. सासूबाई मागे राहिलेल्या. दिवेलागणीला शेरडांच्या गोठ्यात बिबट्या शिरला, आणि सासूबाईंनी तापलेलं उलथनं त्याच्या थोबाडावर हाणून त्याला डिंभ्याच्या रानापर्यंत पळवला. मी ही गोष्ट लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऐकली. नंतर दर सणाला.

८ फेब्रुवारी

सावळेराम — कुशाबांचा थोरला — नारायणगावला टोमॅटो घालून येताना सभेचा फ्लेक्स छापून घेऊन आला. सगळ्यांनी गोळा होऊन बघितला.

कुशाबांचा फोटोच नव्हता कुठे, फक्त आधार कार्डावरचा. फ्लेक्सवाल्यानं त्या तोंडाखाली निळा कोट आणि लाल टाय बसवलाय. मागे धबधबा. बाजूला दोन हंस. जन्मभर खांद्यावर घोंगडी असलेला माणूस! मेंढरांना "चला पावणं, बसा पावणं" म्हणायचे आणि माणसांना शिट्टी मारून बोलवायचे. असे कुशाबा त्या कोटात विमा विकायला आल्यासारखे दिसतायत.

साळुबाईंना, त्यांच्या बायकोला, धरून पुढे आणलं.

"हे कोण सायब?" म्हणाल्या.

"आये, आबा हायेत."

पदरानं डोळे पुसून पुसून बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "बरा दिसतोय. लग्नात असा दिसला असता तर मी एवढी रडले नसते."

९ फेब्रुवारी, रविवार

घोटाळा झालाय.

दुपारी ओढ्यापलीकडे कल्याणीकडे गेले. कल्याणी भागुजीबाबांची सून, बुद्धभूषणभाऊंची बायको. बचत गटाच्या कामाला आम्ही दोघी बरोबरच घोडेगावला जातो. ती शेंगदाणे भाजत होती. सहज विचारलं, "बुद्धभूषणभाऊ काय बोलणार सभेत?"

"दुसरं काय," ती म्हणाली. "बिबट्याचं."

"कोणता बिबट्या?"

"बाबांनी हाकलला तो. सगळी वाडी लग्नाला गेलेली तेव्हाचा."

भागुजीबाबा पाटबंधाऱ्याच्या नोकरीत होते. पाटाची दारं उघडायची, लावायची. नोकरीतली पितळी शिट्टी निवृत्तीनंतरही गळ्यात. ती फुंकून ते एसटी थांबवायचे, नातवंडांना जेवायला बोलवायचे. कल्याणीच्या घरच्या गोष्टीत बाबांनी बिबट्याच्या कानाजवळ जाऊन ती शिट्टी अशी वाजवली की तो परत म्हणून वाडीकडे फिरकला नाही.

मी उलथन्याचं सांगितलं. मग तिला आठवलं, सावळेराम परवा घोंगडीचं काहीतरी सांगत होता. कुशाबांनी बिबट्याच्या तोंडावर घोंगडी टाकली आणि त्याला आंधळा करून हाकलला म्हणे.

बिबट्या एक. हाकलणारे तीन. आणि तिघंही आयुष्यभर संध्याकाळी एकाच पारावर बसायचे. एकमेकांसमोर ही गोष्ट काढतच नसणार!

इतक्या हसलो की शेंगदाणे करपले.

मग कल्याणी हसायची थांबली. गेल्या वर्षी पाण्याच्या पाइपावरून ओढ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे भांडले, तेव्हा चार महिने कोणी कोणाच्या दारात गेलं नव्हतं. आम्ही दोघी फक्त घोडेगावच्या जीपमध्ये भेटायचो. मागच्या सीटवर, खालच्या आवाजात.

"ह्यांच्या मनात ते अजून हाय," ती म्हणाली. "आता बिबट्यावरनं नको व्हायला."

१२ फेब्रुवारी

काल दादाभाऊंना एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिन्ही घरी हळूच जाऊन सांगा म्हटलं, बिबट्या नको, दुसरं काहीतरी बोला.

"माझ्यावर सोडा," म्हणाले.

संध्याकाळी वाडीभर आवाज — "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. सर्व वक्त्यांना नम्र सूचना. सोळा तारखेला बिबट्याचा विषय कोणीही काढू नये. ही नम्र विनंती. हॅलो."

आज सकाळी वनखात्याचा माणूस मोटरसायकलवर आला. बिबट्या कुठं दिसला, पिंजरा कुठं लावायचा, विचारत होता.

तिन्ही घरांनी आता बिबट्याच सांगायचा ठरवलाय.

१५ फेब्रुवारी

हे म्हशीसमोर भाषणाची तयारी करतायत. म्हैस पान्हा चोरते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल सभा झाली. घरी आल्यावर लिहायचं सुचलंच नाही.

पटांगण भरलं होतं. तिघांचे फोटो टेबलावर, हार घातलेले. मागे फ्लेक्स. आधी बुद्धवंदना झाली, मग भजन. दोन्हीत दादाभाऊंनी माइक हातातून सोडला नाही.

पहिले हे उठले. कोंबड्यांच्या नावांचं सांगितलं तेव्हा सगळे हसले. यमुनाआत्याही हसल्या. यमी म्हणजे कोण, हे त्यांना अजून माहीत नाही. वाटलं, झालं, आता बसतील. पण ह्यांनी पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं उलथनं बाहेर काढलं. मी डोळेच मिटले.

गोष्ट अर्धी झाली तोच सावळेराम उठला. "भैरूभाऊ, जरा थांबा. बिबट्या आमच्या आबानं हाकलला. घोंगडीला नखांची भोकं हायेत अजून."

"ती कसरीची," मागून कोणीतरी म्हणालं.

सावळेराम तिकडे वळला, तेवढ्यात बुद्धभूषणभाऊ माइकपाशी पोचले. ते नारायणगावला वायरमन आहेत. शांत माणूस, पण कालचा आवाज वेगळा होता.

"शिट्टी वाजवली ती माझ्या बापानं. मी लहानपणापासून ऐकतोय. पाटाचं पाणी रात्री-अपरात्री बापानं सोडायचं अन् पिकाचं कौतुक दुसऱ्यांचं व्हायचं. ते गेलं. पाइपाचं पाणीबी गेलं. एक बिबट्या तरी आमच्या नावावर राहू द्या."

सावळेराम पुटपुटला, "नावाचा प्रश्न न्हाई, खऱ्याचा हाय." त्यावर पलीकडची दोन पोरं उभी राहिली. अलीकडचीही उभी राहिली. दादाभाऊ "शांतता, शांतता" म्हणाले आणि माइकनं कर्कश शीळ घातली.

बुद्धभूषणभाऊंनी टेबलावरचा बापाचा फोटो उचलला, हारासकट छातीशी धरला. कल्याणीला म्हणाले, "चल."

ती उठली. माझ्याकडे बघितलं तिनं. मनात आलं, आता पुन्हा जीपची मागची सीट.

तेव्हा साळुबाई उठल्या. कधी चार माणसांत न बोललेल्या साळुबाई, काठी टेकत टेबलापाशी आल्या. दादाभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन माइक दुसऱ्याच्या हातात दिला.

"बस रे भूषण," त्या म्हणाल्या. "बिबट्या मी हाकलला."

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"मी घरीच व्हते त्या दिवशी. हे तिघं गोठ्याच्या पत्र्यावर बसले व्हते. एकमेकाला धरून."

"एकमेकाला?" दादाभाऊ माइकशिवायच ओरडले.

"सारजा मधी. तिच्या हातात उलथनं व्हतं, ते खरं हाय. भागुजी शिट्टी फुंकत व्हता, पण तोंडाला कोरड पडलेली, वाजतच न्हाई. अन् आमच्या म्हाताऱ्यानं घोंगडी टाकली ती स्वतःच्या डोक्यावर."

"मग तुमी काय केलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"काय करायचं? हाड म्हणलं. गेलं."

मग फोटोच्या मागे बुद्धभूषणभाऊंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. मग सावळेराम, मग ती उभी राहिलेली पोरं, मग सगळं पटांगण. यमुनाआत्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"खाली उतरल्यावर तिघांनी माझे पाय धरले," साळुबाई म्हणाल्या. "कुणाला सांगू नगं म्हणाले. मी म्हणलं, तुमी तुमचं काय सांगायचं ते सांगा. लई हौसेनं सांगायचे बिचारे." आणि जागेवर जाऊन बसल्या.

भागुजीबाबांचा फोटो टेबलावर परत आला. बुद्धभूषणभाऊंनीच तिन्ही फोटो एकमेकांना चिकटवून ठेवले, पत्र्यावर बसल्यासारखे. पुन्हा हशा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हातात उलथनं धरून हसत होते, पोट धरून. हसता हसता आवाज बदलला. श्रावणापासून अडलेलं सगळं काल बाहेर पडलं — "आये, आये" करत, लहान मुलासारखं, सगळ्यांसमोर. मी उठेपर्यंत बुद्धभूषणभाऊ त्यांच्याशेजारी जाऊन बसले होते. खिशातला रुमाल काढून दिला.

नंतर मासवडी आणि रस्सा. वाढायला अलीकडचे आणि पलीकडचे, सगळेच. कल्याणीनं माझ्या ताटात दोन जास्त वड्या टाकल्या. रस्सा एवढा तिखट झाला होता की कोण अजून रडतंय आणि कोणाला तिखट लागलंय, कळत नव्हतं.

रात्री हे खूप बोलले. सगळं आईचंच.

२० फेब्रुवारी

साळुबाईंकडे ताक घेऊन गेले होते. वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. विचारलं, "काकी, बिबट्या समोर बघून भीती नाही वाटली?"

"मी कुठं व्हते गं तिथं," म्हणाल्या. "मी लग्नाला गेल्ते, सगळ्या वाडीसंगं. दादाभाऊच्या शेजारीच बसले व्हते जीपमधी. तुझ्या नवऱ्याला जिलबी मी वाढली. एकाच्याबी ध्यानात न्हाई."

आणखी दोन शेंगा सोलल्या.

"म्हाताऱ्याला पत्र्यावर चढवला, तेवढं वाईट वाटलं. त्याला शिडीची लई भीती."