गडद पिवळा

७ ऑगस्ट २००३, धारवाड
पिवळा! सलग तिसऱ्यांदा गडद पिवळा! चार वर्षांची हमाली फळाला आली. विषाणू शिरला की पेशी त्याचा बारीक तुकडा — पेप्टाइड — एमएचसी नावाच्या रेणूत धरून बाहेर दाखवते. माझं प्रतिपिंड तो तुकडा ओळखतं, आणि ओळखलं की रंग पिवळा होतो. कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यात, रंगच नाही! जयलक्ष्मी मॅडम, आमच्या गाईड, म्हणाल्या, "सुधींद्र, पेपर लिहायला घे."

८ ऑगस्ट
दीपश्री, लॅबमधली ज्युनिअर. म्हणे, "अण्णा, एमएचसी तेच ठेवून दुसरं पेप्टाइड घालून बघितलात काय?" नाही बघितलं. गरज काय? आली मोठी शहाणी! चहा अर्धा टाकून उठलो.

१० ऑगस्ट, रविवार, हुबळी
जेवताना अप्पांना सगळं समजावलं. तीस वर्षं दाजीबानपेठेत साड्या विकलेला माणूस. नीट ऐकून घेतलं. मग — "तुझं हे गिऱ्हाईक पेटी बघून भुललं, की आतली साडी बघून? पेटी तीच ठेवून दुसरी साडी दाखवलास काय त्याला?"

घास तोंडातच राहिला. माझ्या कंट्रोलमध्ये एमएचसीच नव्हतं. पेटीच नव्हती! दीपश्री हेच तर विचारत होती. फार लाज वाटली. आई म्हणाली, आमटी तिखट झाली काय रे?

११ ऑगस्ट
मॅडमना सांगितलं. "पेपर थांबव. दुसरं पेप्टाइड मागव." बस्स. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ सप्टेंबर
पेप्टाइड नाही. सप्तापूरच्या खोलीत बसून नुसता पंखा बघतोय.

२२ सप्टेंबर
आलं एकदाचं!

२३ सप्टेंबर
आपलं पेप्टाइड — गडद पिवळा. दुसरं — गडद पिवळा. तितकाच! पेटीच ओळखतंय बेटं. चार वर्षं पाण्यात. बाथरूममध्ये जाऊन रडलो. दीपश्री 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. तेवढी कृपा.

२६ सप्टेंबर
मला न सांगता दीपश्रीनं जुन्या सगळ्या नळ्या तपासल्या. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींचे ते सुरुवातीचे क्लोन, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेले गट; ते ज्यात वाढले तो उरलेला द्रव फ्रीजमध्ये पडून होता, त्यात त्यांचं प्रतिपिंड. नंबर सतरा: आपल्या पेप्टाइडवर फिकट पिवळा, दुसऱ्यावर काहीच नाही. हेच ते! नळीत जेमतेम दोन थेंब. पेशी असल्या तर हवं तितकं बनवता येईल. त्या कुठे आहेत, तिनं विचारलं. वही काढली. ३ मार्च, माझंच अक्षर — "१७. रंग फिकट. ब्लीच घालून फेकून दिला."