चष्मेवालीचे प्रश्न

३ जून
गेले एकदाची त्या कॉलेजात. कॉलेजच्या बाई म्हणाल्या होत्या, "समाजसेविका व्हायला आलेल्या या मुली पुस्तकातून किती शिकणार? तू बालगृहात वाढलीस, तू शिकव." वर म्हणे, शेवटी पास-नापासही मीच करायचं. फुकटचा मान कुणी दिला की मला संशयच येतो. यांना माझं रडगाणं हवं असणार. बिस्किटं मात्र चांगली होती.

१० जून
अकरा जणी. दहा जणींनी डोळे पुसले. एक चष्मेवाली — कोरडी ठणठणीत! नुसती वहीत लिहीत बसली. मी बोलताना कुणी लिहायला लागलं की माझं डोकं फिरतं. अठरा वर्षं लोकांनी माझ्याबद्दल लिहिलंच आहे. मला कधी वाचायला दिलं?

१७ जून
धाकटीला भेटून आले. ती अजून बालगृहातच. शनिवार-रविवार तिला माझ्या खोलीवर राहू द्या म्हणून दोन वर्षं विनवतेय. अधीक्षक म्हणतात, "बघू." यांचं बघून होईस्तोवर ती म्हातारी होईल. निघताना माझी बाही सोडेना. फार लागलं मनाला.

२४ जून
चष्मेवालीने जिन्यात गाठलं. बहिणीला भेटायला किती वेळा जातेस? खोली केवढी? दाराला आतून कडी आहे का? घरमालकीण कशी आहे?
"तुला काय करायचंय?"
"सहज विचारलं."
सहज! अशाच एकीच्या सहज विचारण्यातून आम्हा दोघींना वेगवेगळ्या इमारतींत टाकलं होतं.

२५ जून
कामावर, दुकानात, दोनदा कापड चुकीचं कापलं. ही बया माझ्याविरुद्ध काहीतरी लिहितेय, नक्की.

१ जुलै
निकाल दिला. दहा पास, चष्मेवाली नापास. कारण — नको तिथे नाक खुपसते. बाईंनी दोनदा विचारलं, "विचार केलायस ना? नापास झाली की तिचं सरावाचं कामही आजपासून बंद." केलाय म्हटलं, आणि सही ठोकली. त्यांच्यातल्या कुणाबद्दल मी लिहायची ही पहिलीच वेळ. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

५ जुलै
धाकटीचा फोन. "ताई, आमच्याकडे सरावाला यायची ना, ती चष्मेवाली ताई, तिने माझ्या शनिवारचा अर्ज केला होता. होईपर्यंत तुला सांगू नको म्हणाली होती. अधीक्षकांनी आज परत केला. म्हणाले, अर्ज करणारीच नापास झाली."