गुमेरसिंदो येतोय

५ सप्टेंबर, सकाळी
आफ्रिकेजवळच्या वादळाला आज नाव मिळालं. गुमेरसिंदो. माझं नाव! रेडिओवरच्या बाईने अगदी ठासून उच्चारलं. आजोबांकडून आलेल्या या नावापायी शाळेत माझी काय टिंगल झाली ते माझं मला ठाऊक. आता अख्खं कॅरिबियन तेच नाव भीत भीत घेणार. नेरेइदाला हसून हसून ठसका लागला. बायकोला नवऱ्याचं कौतुक नसतंच.

निर्णय: वादळ माझं, तर लाटही माझी. झुलेइका रविवारी, चौदाला, ओरलँडोला नर्सिंग शिकायला जाणार. त्याआधी बापलेक एकत्र होबोस किनाऱ्याच्या लाटेवर स्वार होणार. पोरगी सहा वर्षांची होती तेव्हापासून मागे लागली आहे की पपा, एकदा माझ्याबरोबर चल. दरवर्षी काहीतरी आडवं आलं. एकदा दाढ, एकदा निवडणूक, बाकी पाठ. या वेळी सबब नाही. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, लिहून दे. लिहून दिलं.

६ सप्टेंबर
सर्फबोर्ड सापडला. नेरेइदा त्यावर इस्त्री करत होती. वर पांढरा थर होता, मला वाटलं जुनं मेण. खळ निघाली.

मोंचोच्या टपरीवर गेलो. हा किनाऱ्यावर अल्कापूरिया, म्हणजे खिमा भरलेले वडे, तळतो आणि पोट माझ्याहून मोठं असून अजून लाटांवर जातो. विचारतो कसा, सिंदो, तू पाण्यात शेवटचा उतरलास कधी? म्हटलं, एकोणनव्वद सालची माझी बारा फुटी लाट विसरलास? तो कढईतल्या तेलाकडे बघत राहिला. हेवा, दुसरं काय.

७ सप्टेंबर
रेडिओ: गुमेरसिंदो अद्याप विस्कळीत आहे, त्याला निश्चित केंद्र नाही, तो कुठे जाणार हे त्यालाही ठरवता आलेलं नाही असं दिसतं. नेरेइदा म्हणाली, या बाईला हे कळायला उपग्रह लागला, मला लग्नानंतर आठ दिवस पुरले.

प्रॅक्टिस सुरू. पलंगावर पालथं पडायचं आणि ताडकन उभं राहायचं. दहा वेळा करायचं होतं. दोनदा झालं. तिसऱ्या वेळी पलंग बसला.

८ सप्टेंबर
जमिनीवर झोपलो. पाठीला उत्तमच. आजपासून तळलेलं बंद.

दुपारी तीन अल्कापूरिया. पण त्या ताकदीसाठी.

९ सप्टेंबर, दुपारी
गुमेरसिंदो चक्रीवादळ झाला! विस्कळीत म्हणणारे आता कुठे गेले? पावाच्या दुकानात मला वाट करून दिली. आज ताशी किती, असं चौघांनी विचारलं. शेजारच्या एदुविहेसबाई माझ्या दुकानात चष्म्याचा नंबर तपासायला आल्या होत्या. म्हणाल्या, सिंदो, बाबा रे, मी एकटी म्हातारी, माझ्या छपराकडे वाकडी नजर करू नकोस. मी शब्द दिला.

रात्रीच्या जेवणात भात दुसऱ्यांदा घेतला नाही. तिसऱ्यांदा थोडा घेतला.

१० सप्टेंबर
आनंदाची बातमी. गुमेरसिंदो वळला. उत्तरेकडून, तीनशे मैलांवरून जाणार. म्हणजे वारा नाही, पाऊस नाही, नुसत्या लाटा पाठवून देणार. याला म्हणतात घरंदाज माणूस.

नेरेइदा मात्र ऐकेना. वळलेला परत वळतो म्हणाली. दिवसभर दुकानाला वादळाच्या फळ्या ठोकत बसलो. बावीस स्क्रू. दंडात एवढी ताकद आली आहे की दोन स्क्रूंची डोकीच उडाली. आता सोमवारपर्यंत चष्म्याचं दुकान बंद.

११ सप्टेंबर
समुद्र ताटात वाढलेल्या सुपासारखा. झुलेइका दोनदा जाऊन बघून आली. मी समजूत घातली की आम्हा गुमेरसिंदोंना वेळ लागतो, पण येतो. ती म्हणाली, पपा, पण तू नक्की उतरशील ना? एकदम सहा वर्षांच्या पोरीचा आवाज. माझ्या छातीत धडधडलं. उत्साहाने असणार.

१२ सप्टेंबर
एकच तांत्रिक अडचण. चष्म्याशिवाय मला स्वतःचा हात परका वाटतो. पण मी या धंद्यातला माणूस! काड्यांना इलास्टिक बांधलं, दुहेरी गाठ मारली. डोकं गेलं तरच चष्मा जाईल.

संध्याकाळी लाटा आल्या. आवाज घरापर्यंत. खिडकी लावून घेतली. डास फार झालेत.

१३ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी सहा
उभा राहिलो! दहा फुटी लाट, मी वर, हात पसरलेले, गुडघे अगदी शास्त्रशुद्ध! किनाऱ्यावर टाळ्याच टाळ्या. मोंचोने झारा खाली ठेवला. झुलेइका आनंदाने किंचाळत होती. गुमेरसिंदो आणि गुमेरसिंदो, दोघांची भेट झाली. किरकोळ नुकसान: चष्मा.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी नऊ
वही नाकाला लावून कालची नोंद वाचली. खोटी आहे.

लाट सहा फुटी होती आणि ती माझ्यावरून गेली. चष्मा पहिल्याच गटांगळीत गेला. गाठ सुटली नाही, इलास्टिक गाठीसकट कानाला लटकत राहिलं. मग पाण्याने मला खडकांच्या दिशेला ओढलं. मी घाबरलो. देवाला हाक मारली, मग नेरेइदाला. आली झुलेइका. माझ्या बोर्डाची दोरी धरून तिने मला लाटांपलीकडच्या संथ पाण्यात नेलं, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून राहिलो. बारा वर्षं जे मागत होती ते हेच असावं, कारण ती सारखी हसत होती. मग माझ्याच्याने राहवेना. सांगून टाकलं की एकोणनव्वद साली मी लाटेवर नव्हतो, किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला सांभाळत होतो. ती म्हणाली, ठाऊक आहे, मी दहा वर्षांची असतानाच मोंचोकाकांनी सांगितलं. आता पालथा पड, पपा, आणि काही म्हणजे काही करू नकोस.

हे मात्र मला जमलं. तिने ढकललं आणि मी पोटावर घसरत थेट वाळूत. टाळ्या खऱ्या होत्या. मोंचो हसून हसून डोळे पुसत होता. मीही इतका हसलो की नाकातून समुद्र बाहेर आला. एवढी मजा मला जन्मात आली नव्हती.

आज विमान सकाळी सातचं होतं. दुसरे चष्मे दुकानात, बावीस स्क्रूंच्या आड. विमानतळावर झुलेइका रांगेतल्या कुणा बाईला सांगत होती की काल माझे वडील वादळाच्या लाटेवर उभे राहिले. मी म्हटलं, नाही हो, पोटावर. पोरीने माझा हात घट्ट दाबला. मग ती आत गेली.

काचेपलीकडे निळा शर्ट दिसला. ती हात हलवत होती, चांगला लांबपर्यंत, इकडून तिकडे. मीही हलवला. मग दोन्ही हलवले. लोक येत होते, तिच्या बाजूने जात होते, ती जागची हलेना. मलाही पाय उचलवेना. रडलो. लपवलं नाही. जा बाळा, उशीर होईल, असं मोठ्याने ओरडलो, तरी ती हात हलवतच राहिली.

दहा मिनिटांनी नेरेइदाने बाही ओढली. म्हणाली, सिंदो, चल आता, पोरगी केव्हाच गेली. ती बाई काच पुसते आहे.