पार्सल रत्नाबाईंनी घेतलं

माण,
फेब्रुवारी २०१०

प्रिय ताई,

माझं पत्र बघून हसशील. शाळेत निबंधाच्या दोन ओळी लिहिल्या की मला तहान लागायची, आणि आज गाडीत बसून स्टिअरिंगवर वही टेकवून लिहितोय. तुझा नंबर कधीचा बंद लागतो. आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, नाहीतर माझं तुला माहीतच आहे, दळण घेऊन निघालेला मी ओढ्यात सापडायचो. तर मुद्दा असा, की ताम्हिणीच्या आपल्या घरी आईच्या नावानं आलेली पार्सलं कोणीतरी घेतंय. आई भाद्रपदात गेली. पार्सलं दिवाळीनंतर सुरू झाली.

ही भानगड माझ्यामुळेच झाली. पावसाळ्यात मी हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर उभा असायचो. त्याआधी मालवणला होतो, तिथं एका होडीवाल्यानं मला मासे ओळखायला शिकवलं होतं, पण ते राहू दे. माणच्या सायबर कॅफेत एका वेबसाइटवर चार्जिंग करायचा बॅटरीचा दिवा दिसला. दिवा फुकट, फक्त पोचवायचा खर्च द्यायचा. आपल्याकडं पावसात आठ-आठ दिवस लाइट नसते आणि आई चिमणीच्या उजेडात डोळे चोळत भाकरी थापते, हे डोळ्यापुढं आलं. मी कार्डाचा नंबर टाकला, नाव रत्नाबाई लिहिलं, पत्ता लिहिला. लई ऐट वाटली बघ. दिवा काही वेळेवर आला नाही, आणि आईही थांबली नाही. त्या धावपळीत मी दिवा विसरून गेलो.

दिवाळी झाली आणि पगाराच्या खात्यातून दर महिन्याला पैसे जायला लागले. फोन लावला, तर एक गोड आवाजाची बाई म्हणाली, सर, आपण आमच्या सुखी घर योजनेचे सभासद आहात. मी म्हटलं, मी तर साध्या तालमीचासुद्धा सभासद नाही. आता मी कंपनीची कॅब चालवतो. गेटवर पाय आखडायचे म्हणून आई गेल्यावर ही नोकरी धरली. माझ्या गाडीला अपूर्वा मॅडम असतात, त्यांना वेबसाइट दाखवली. खाली मुंग्यांची रांग जावी तसलं बारीक इंग्रजी होतं. त्यांनी वाचून सांगितलं, की दादा, फुकटची वस्तू घरातल्या कोणीही हातात घेतली की तुम्ही सभासद झालात. मग महिन्याला एक वस्तू येणार, आणि पैसे आपोआप कापले जाणार. म्हणजे बोकड फुकट आणि दोरी विकत! मॅडमनी माझ्या वतीनं असं कडक ईमेल लिहिलं की वाचून मीच घाबरलो.

मग मी फोनवर भांडलो. घराला कुलूप आहे, घरात चिटपाखरू नाही, तर तुमची वस्तू घेतली कोणी, वाऱ्यानं? बाई कागद बघितल्यासारखं थांबली आणि म्हणाली, रत्नाबाईंनी घेतली, सर. दर वेळी त्याच घेतात.

मला वाटलं, मी टाकलेलंच नाव हे लोक मला परत ऐकवतायत. शुद्ध लबाडी. आता पोचवणाऱ्यालाच धरायचा, म्हणून पौडला जनार्दनकडं गेलो. तोच मोटारसायकलवरून वरपर्यंत पार्सलं नेतो. मिशीवाला, तंबाखू खाणारा, बापमाणूस. त्याची गचांडी धरायला गेलेला मी त्याच्या चहाला बसलो. तो म्हणाला, "मी कशापायी खोटं बोलू? म्हातारी दारात हुबी व्हती. भाईरनंच देत व्हतो, तर म्हनली, उंबऱ्यावरनं घेत न्हाई मी, आत यं. गूळ-पानी दिलं. त्वांडावर पदर व्हता, लई काय बोलली न्हाई. तुजं इचारत व्हती. गाडी हळू चालीवतो का, म्हनं."

ताई, चहा तसाच राहिला. उंबऱ्यावरून देणं-घेणं करायचं नाही, हे आईचंच. एकदा पोस्टमनलासुद्धा तिनं भर पावसात अंगणात थांबवलं, आणि स्वतः भिजत जाऊन टपाल घेतलं. हे जनार्दनला ठाऊक असायचं कारण नाही. पण गाडीचं काय? मी गाडी धरली ती आई गेल्यावर. तिला मी गेटवरचाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून घरी गेलो. भर दुपार, लख्ख ऊन. आपल्या वाडीत आता आपलंच घर उरलंय. बाकीच्यांनी जमिनी विकल्या, तारेची कुंपणं पडली, आत फक्त वाळलेलं गवत. वाटेत ताम्हिणीच्या वळणावर एक कुत्रं गाडीमागं लागलं होतं, ते आपल्या बांधापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. किती यूं-यूं केलं तरी पुढं येईना. कुलूप जागेवर होतं. मीच लावलेलं, माझ्याच किल्लीनं उघडलं.

आत शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास आला. भाद्रपदात सारवलेली जमीन माघात पोपडे धरते, हे तुला सांगायला नको. ही ओलसर होती. देवळीखाली खोकी एकावर एक रचलेली, आणि प्रत्येकाला हळदकुंकू लावलेलं. नवी वस्तू घरात आली की आई आधी तिला बोटं लावायची, आठवतं? माझ्या सायकलला लावलं होतं, अप्पांच्या रेडिओला लावलं होतं, आणि तू शहरातून तुझं ऑफिसचं ओळखपत्र आणलंस तर त्यालासुद्धा. दिवा खुंटीला टांगलेला. आई गेल्यावर वीज मंडळानं मीटर काढून नेलाय, चार्जिंग करायला घरात लाइटच नाही, तरी बटण दाबलं तर भक्कन लागला.

पण मला खरं चक्रावून टाकलं ते तव्यानं. त्या योजनेत एक नॉनस्टिकचा तवा आलाय. तो चुलीवर होता. खालून काजळी धरलेली, वरचा थर करपून सोलपटलेला, आणि प्लॅस्टिकची मूठ वितळून चुलीच्या तोंडाशी थिजलेली. मी राखेत हात घातला. ऊब होती का, हे मला आता नक्की सांगता येणार नाही. ऊन पत्र्यावरून उतरेपर्यंत मी पडवीत बसून राहिलो. कोणी आलं नाही. फक्त एकदा आतून भांडं सरकवल्यासारखं झालं. मी उठलो नाही.

आता ऐक. परवा त्या बाईचा आपणहून फोन आला. अपूर्वा मॅडमच्या ईमेलनं काम केलं होतं. म्हणाली, सर, आम्ही सगळं बंद करतो, कापलेले पैसेही परत देतो. फक्त रेकॉर्डिंगवर एकदा स्वतःच्या आवाजात सांगा, की रत्नाबाई हयात नाहीत आणि या घरात कोणी राहत नाही. दोन वाक्यं. एवढे महिने मी हेच तर ओरडत होतो. तिनं टूं करून यंत्र चालू केलं, आणि ताई, मला ती दोन वाक्यं बोलवेनात. अग्नी देताना डगमगलो नव्हतो. वाटलं, हे मी बोललो की वर, त्या चुलीपाशी, कोणीतरी हातातलं पीठ झटकून उठेल आणि निघून जाईल. बाई हॅलो, हॅलो करत राहिली. शेवटी म्हणाली, या महिन्याची वस्तू म्हणून स्टीलचा डबा निघालाय, तो पोचायच्या आत कळवा.

कुलपाला दोन किल्ल्या. एक माझ्याकडं. दुसरी आईनं तुझ्या पिशवीत टाकली होती, तू अनिमेषबरोबर गेलीस आणि अप्पांनी तुला घर बंद केलं त्या दिवशी. मी पाहिलं होतं, बोललो नाही कधी. परवा कोथरूडला तुमच्या बिल्डिंगमध्ये गेलो, तर वॉचमन म्हणाला, मॅडम गेल्या सामान घेऊन, दिवाळीच्या सुमाराला. कुठं ते त्याला माहीत नाही. तेव्हा वाटलं, तूच. हिंजवडीच्या गर्दीत कधी मला गाडीवर पाहिलं असशील. आईचं लुगडं नेसून, तोंडावर पदर घेऊन, लोकांनी विचारू नये म्हणून. उंबऱ्याचं, कुंकवाचं तूही तिच्याकडूनच शिकलीस. सगळं जुळतं. फक्त तो तवा जुळत नाही. तू इतकी वर्षं गॅसवर स्वयंपाक केलास, तू प्लॅस्टिकची मूठ चुलीत घालणार नाहीस.

म्हणून हे पत्र कोथरूडला टाकत नाही. चिकटवून जनार्दनकडं देतोय, या महिन्याच्या डब्याबरोबर तो वर पोचवेल, आणि उतरताना पाकीट मागून आणेल. ताई, तू असशील तर फोड. अप्पा नाहीत, घर तुझंच आहे, खुशाल राहा, तवा मी साधा लोखंडी आणून देतो. फोडलेलं पाकीट हातात आलं, की मी त्या बाईला फोन लावून ती दोन वाक्यं बोलेन, आणि रडायचं ते तुझ्यापाशी येऊन रडेन. पण आईला वाचता येत नव्हतं. पाकीट न फोडता, वर हळदकुंकवाची बोटं लागून परत आलं, तर मी कोणालाच काही कळवणार नाही. जाऊ देत पैसे महिन्याच्या महिन्याला. आणि गाडी हळूच चालवतो, हे जनार्दनला तोंडी सांगायला सांगितलंय.

दोघींपैकी जी असेल तिचा, तुझाच,
शेखऱ्या