सातव्या नळीचं पाणी

४ मार्च

नववं प्रकरण परत आलं. सगळं लाल!

साहेबांनी फाइल आपटली नाही, अलगद ठेवली. ते जास्त वाईट. म्हणाले, "बाई, करार लिहिताय की शाळेचं वेळापत्रक? कोण मोजणार, किती वाजता मोजणार, कुठे उभं राहून मोजणार — उद्या कुठल्या पायात चप्पल आधी घालायची तेही लिहाल."

सगळे हसले. मीही हसले. मी का हसले?

काम तसं साधं. खाणीतून निघणारा गाळ एका तळ्यात साठवतात. तळ्याला मातीचा बांध. कंपनीला तो चार मीटरने उंच करायचाय, त्यासाठी आमचं कार्यालय तिच्याशी करार करतंय. करारात आणि आराखड्यात देखरेख कशी ठेवायची, ते प्रकरण माझ्याकडे. बांधाच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. नकाशावर ती माझ्या करंगळीच्या नखाएवढी दिसते.

मी लिहिलं होतं, "मोजमाप घेणारा माणूस कंपनीचा नसावा." त्यावर रेघ. खाली साहेबांच्या अक्षरात — "कंपनी योग्य ती देखरेख ठेवील."

योग्य ती! म्हणजे कुंपणालाच सांगायचं, बाबा रे, शेत सांभाळ.

बोलले काहीच नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "आमची भित्री भागूबाई." प्रेमाने म्हणतो. म्हणून जास्त लागतं.

५ मार्च

"योग्य ती" म्हणजे नेमकी कोणती? दिवसभर कुणालाच विचारलं नाही.

१० मार्च

बांध पाहून आले. जायला नको होतं. आता ती वस्ती नखाएवढी राहिली नाही.

कंपनीचा मॅनेजर फिरवत होता. गोड माणूस, बोलताना सारखा घड्याळ बघतो. बांधाच्या माथ्यावर अकरा नळ्या उभ्या पुरल्या आहेत. त्यात वजन लावलेली फीत सोडायची, आणि नळीच्या तोंडापासून किती खाली पाणी लागतं ते बघायचं. बांधाच्या पोटात किती पाणी शिरलंय ते त्यावरून कळतं. आकडा मोठा तर बरं. आकडा लहान होत गेला, की पाणी वर चढतंय.

हे रीडिंग घेतात ते एक काका. साठीच्या पुढचे, काटकुळे, कानावर पेन्सिल. कंपनीचेच कामगार. मॅनेजर फोनवर बोलायला बाजूला गेला तेव्हा हळूच म्हणाले, "मॅडम, या सातवीचं काही खरं नाही. महिन्यात दीड मीटर चढलीय."

"मॅनेजरना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणाले, नळी बिघडली असेल. नळी बिघडायला ती काय मिक्सर आहे?" मग खाली बोट दाखवलं. "तो निळा पत्रा दिसतो? माझं घर. सून शिवणकाम करते. मी सांगणार मॅनेजरला, मॅनेजर वरच्याला, वरचा तुमच्या साहेबांना. तोवर गाळ तिच्या मशीनच्या पायडलपर्यंत आलेला असेल."

हसून सांगत होते! मला मात्र पाय उचलवेना. पायाखालची माती भुसभुशीत वाटायला लागली. खाली कुणीतरी वाळत घातलेली चादर झटकत होतं, त्याचा आवाज इथवर येत होता. इतकं जवळ!

मॅनेजर म्हणाला, "मॅडमना उंची सोसत नाही वाटतं."

१२ मार्च

प्रकरण पुन्हा लिहिलं. आकडे घालून. पाच मीटर ही धोक्याची पातळी. रोज एकदा रीडिंग, पातळी ओलांडली की दर तीन तासांनी — आणि तेही जागेवर जाऊन, केबिनमध्ये बसून नव्हे. लोकांना वर हलवलं, तर पाणी सलग तीन दिवस पातळीखाली राहिल्याशिवाय कुणी परत उतरायचं नाही, आणि उतरायची परवानगी माझ्या सहीने. शेवटचं वाक्य लिहायला तासभर लागला — "रीडिंग घेणाऱ्याला धोक्याचा भोंगा कुणालाही न विचारता वाजवता येईल."

१३ मार्च

आज जे झालं ते माझ्या हातून झालं यावर माझाच विश्वास बसत नाही.

साहेबांनी वाचलं. बाहेरचा माणूस नेमायचं मी पुन्हा घातलं होतं, त्यावर पुन्हा रेघ. बाकीचं कुरकुरत राहू दिलं. भोंग्यापाशी थांबले.

"हे काढा. उद्या कुणीही शेंबडा उठेल आणि भोंगा वाजवेल."

"साहेब, तो माणूस बांधावर असतो. बाकी सगळे टेबलाशी."

"काढा म्हणतोय ना बाई!"

मला घाम फुटला. आणि माझ्याच तोंडून आलं, "मग प्रकरणाखालचं माझं नावही काढा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"राहू द्या," म्हणाले. "कुठे वाजणार आहे तो!"

बाहेर येऊन बाथरूममध्ये उलटी केली. शूर बायका अशाच असतात का?

२० मार्च

सह्या झाल्या. मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या बाईंनी आमच्या म्हाताऱ्याला सेनापती करून टाकलं." साहेब सगळ्यात मोठ्याने हसले.

२ एप्रिल

कंपनीचा पहिला अहवाल आला. सातवी नळी — आठ पूर्णांक चार. दुसऱ्या दिवशी आठ-चार. तिसऱ्या दिवशी आठ-चार. तेरा दिवस आठ-चार! पाणी आहे की भिंतीवरचा फोटो?

काकांना फोन लावला. मला वाटलं तेच कामचुकार. म्हणाले, "माझ्या वहीत आज सहा-नऊ आहे. मी आकडा देतो, केबिनमध्ये तो सरळ होतो."

साहेबांकडे गेले. "एका नळीने बांध पडत नसतो, बाई. आणि म्हाताऱ्याच्या वहीवर कार्यालय चालत नसतं." पत्र तरी पाठवू म्हटलं. "पाठवा. योग्य त्या भाषेत."

पाठवलं. आता काका रोज मलाच आकडा सांगणार. असं करारात नाही.

६ एप्रिल

सहा-तीन.

१२ एप्रिल

पाच-आठ. पत्राला उत्तर नाही.

काकांनी विचारलं, "पोरी, पाचाच्या आत आलं की वाजवायचं ना?" मॅडमची पोरी कधी झाले कळलं नाही. हो म्हटलं.

"चुकलं तर?"

"चुकलं तर माझं नाव आहे खाली."

"आणि माझं पोट," ते म्हणाले. "चालतंय. नाहीतरी खातो कितीसं."

चुकलं तर? माझी नोकरी जाईल, त्यांची जाईल. नाही चुकलं तर — त्याचा विचारच करवत नाही. घरात चहा सांडला, तरी त्याचा ओघळ कुठवर जातो ते बघत बसते.

१८ एप्रिल

वाजला!

दुपारी दोन-चाळीसला फोन. "चार-नऊ," काका म्हणाले. "तीनदा मोजलं. वाजवतो." मी काही म्हणायच्या आत फोनमधूनच तो आवाज. असा आवाज की फोन कानापासून लांब धरला, तरी दातांत शिरत होता.

साहेबांबरोबर गाडीने गेले. वाटभर ते एकच बोलले — "देवा, काय करून ठेवलंत."

सगळे वर टेकडीवरच्या शाळेत आले होते. सगळे! अकराशेच्या वर माणसं, पाऊण तासात. एका म्हातारीला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. एका गृहस्थाने घाईत फक्त टीव्हीचा रिमोट आणला, आणि बायको त्याला त्या गोंधळातही सोडत नव्हती — "आता दाबत बसा!" काकांच्या सुनेने शिलाई मशीन डोक्यावरून आणलं. पाय फक्त एकाचा मुरगळला.

काका फाटकापाशी माणसं मोजत उभे होते. माझ्याकडे बघून मान हलवली फक्त.

रीडिंग आता दर तीन तासांनी. काकाच घेतायत. दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि कंपनी माणूस देत नाही.

१९ एप्रिल

बांध उभा आहे. लख्ख ऊन. बांध नुसता उभा आहे.

पाच-शून्य. दुपारी पाच-एक. पाणी उतरतंय.

लोक चिडलेत. वर्गात बाकांवर माणसं, बाळं रडतायत, पाणी पुरत नाही. मॅनेजर येऊन म्हणाला, "लांडगा आला रे आला! कुठाय लांडगा?" टाळ्या पडल्या. काका खाली मान घालून बूट पुसत होते. त्यांची सून त्यांच्याशी बोलत नाही — लग्नाच्या कपड्यांची ऑर्डर खाली राहिलीय.

एक बाई माझ्या अगदी समोर येऊन म्हणाली, "तुमच्या कागदापायी आमचे हाल."

हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार — आज दुपारी माझ्या मनात आलं, की बांध फुटावा. म्हणजे मी खरी ठरेन. असं मनात येणारी बाई मी आहे. मला माझीच भीती वाटली.

२० एप्रिल

पाच-चार. पाणी आणखी खाली.

साहेबांनी टाइप केलेलं पत्र पुढे केलं. "धोका टळला आहे. रहिवाशांनी घरी परतण्यास हरकत नाही." खाली माझ्या नावाची जागा.

"तीन दिवस व्हायचेत, साहेब."

"अहो, दोन झाले! तिसऱ्याने काय घोडं मारलंय? बाहेर बघा जरा."

बाहेर दोनशे माणसं. कुणी ओरडत नव्हतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. सगळी माझ्या हाताकडे बघत होती. पेन हातात घेतलं होतं मी. सही करणारच होते. हे खरं आहे. सगळ्यांना मी आवडावं असं मला लहानपणापासून वाटतं.

तेवढ्यात काका आले, सहाचं रीडिंग घेऊन. मला खिडकीपाशी नेलं. हळूच म्हणाले, "पोरी, पाणी उतरतंय ते कुठे जातंय? तळं तर तेवढंच भरलंय. वाट सापडल्याशिवाय पाणी उतरत नसतं. खालच्या अंगाला ओल आलीय, आणि ते पाणी गढूळ आहे."

उतरणारं पाणी बघून आम्ही सगळे खूश! आणि बांध आतून पोखरला जातोय!

साहेबांना सांगितलं. "म्हाताऱ्याचे तर्क. आकडा काय सांगतो? आकडा तुमचाच देव ना?" मग म्हणाले, "उद्या सकाळी नऊपर्यंत थांबतो. नऊचं रीडिंग बघू, त्या ओलीचं पाणी बघू, मग ठरवू. तेवढ्यात तुमच्या हाती काही नसलं, तर तुमच्याऐवजी मी सही करतो."

मी काकांकडे वळले. "काका, उद्याचं नऊचं रीडिंग मला हवंय. आणि त्या गढूळ पाण्याची बाटली. नाहीतर हे लोक खाली जातील."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत लावली.

"आणतो की," म्हणाले.

२१ एप्रिल

नऊ-वीसला बांध गेला. वस्ती राहिली नाही. निळा पत्रा नाही, रस्ता नाही, विहीर नाही — सपाट करडा चिखल. आणि खाली एकही माणूस नव्हतं! साहेब माझ्यापुढे हात जोडून उभे होते. परवाची ती बाई माझ्या गळ्यात पडून रडली. "तुम्ही वाचवलंत," सगळे म्हणतायत.

काका साडेआठला बांधावर गेले होते.

त्यांची सून एकेकाला धरून विचारतेय, त्यांना आज तिकडे कुणी पाठवलं. अजून माझ्यापर्यंत आलेली नाही.