खुंटीवरची रोटी

गुलचेहरा,
पिठाच्या पेटीमागे तू दडवलेलं लढाईचं पुस्तक मी मोहिराला परत दिलं. खुंटीवरची रोटी उंदरानं कुरतडली, असं सांगितलंस तिला? माझ्या घरात शिरायची उंदराची हिंमत नाही, सूनबाई! तो घास माझ्या लेकाचा, दिलोवरचा. लढाईला जाताना एक घास खाल्लान, उरलेली परत आल्यावर खाणार होता.

पोर शहाणी आहे. पुस्तकातला भाऊ असाच एक घास खाऊन लढाईला जातो, पण परत येऊन रोटी संपवतो. काल मला विचारते, "आजी, काका कधी येणार?"

तिला घेऊन नदीवर जातेय. पुस्तकात नाही ते मीच सांगेन. तू तांदूळ भिजत घाल. आम्ही रडून आलो तर काही विचारू नकोस. आणि रोटी खुंटीवरच राहू दे.

— सासू