चादरीखालचा साबण

चिमणे,
मी मावशीकडे चाललेय, उद्या येईन. रात्री पोटरीत गोळा आला तर आज धावत यायला मी नाही. उशाशी टॉवेल ठेवलाय. तो तळव्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढ, गुडघा मात्र सरळ हवा. मग गरम पाण्याच्या पिशवीने शेक. गोळे येऊ नयेत म्हणून ठेवलेला चादरीखालचा साबण काढू नकोस, हसायचं तर खुशाल हस. दिवसभर विजेच्या खांबांवर चढायचं आणि घोटभर पाणी प्यायचं नाही, मग गोळे येणारच!

नोकरीच्या पहिल्या दिवशी तुझे बूट सापडत नव्हते ना? मीच माळ्यावर लपवले होते. आज पॉलिश करून दाराशी ठेवलेत. काल आपल्या गल्लीतली वीज गेली, तेव्हा खांबाखाली जमलेल्या एकेकाला धरून मीच सांगत होते, "वर आहे ना, ती माझी लेक!"

आई